बावीसच्या खाली

सकाळी सात वाजता भट्टीवाल्यांनी दार हळूच लोटून आतल्या खोलीत डोकं घातलं. पाळण्याच्या डोक्याशी टांगलेल्या पांढऱ्या डबीवर आकडा होता वीस पॉइंट सहा.

रात्री झोपताना तो बावीस पॉइंट आठ होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. वीस पॉइंट सहा.

ही डबी हॉस्पिटलच्या सांगण्यावरून इथल्या दवाखान्याच्या सिस्टरने तीन दिवसांपूर्वी आणून लावली होती. काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी, पण दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान टिपून ठेवणारी. "हिच्याशी हुज्जत घालता येत नाही, आजोबा," सिस्टर हसत म्हणाली होती. "बावीस ते चोवीसच्या मध्ये खोली सलग राहते की नाही, एवढंच तिला कळतं. बावीसच्या खाली नको. मी तीन दिवसांनी चार वाजता येते."

तो चार वाजताचा दिवस आजचाच होता. सिस्टरने हो म्हटलं की उद्या नात घरी येणार होती. दोन महिने आधी जन्मलेली, सहा आठवडे काचेच्या पेटीत वाढलेली. मुठीत मावेल एवढीच होती म्हणून बापाने तिचं नाव चिमटी पाडलं होतं, आणि कागदोपत्री नाव ठरेपर्यंत तेच चालू होतं. हॉस्पिटल घाटापलीकडे. उद्या दुपारनंतर मोठा बर्फ सांगितला होता. एकदा घाट बंद पडला की चार दिवस म्हणा, आठवडा म्हणा, कुणाच्या बापाला उघडता येत नसे. तिकडे वॉर्डात जागेची ओढाताण होती. उद्या नेली नाही तर चिमटीला त्याहून लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवणार होते. सूनबाई सहा आठवडे तिथल्या खुर्चीवर झोपत होती. आता तिच्यात आणखी लांब जायचं बळ उरलेलं नाही, हे न बोलताही सगळ्यांना दिसत होतं.

आणि खोली वीस पॉइंट सहावर होती.

भट्टीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरवर काढली म्हणून गल्लीने दिलेलं ते नाव. पुढे घरच्यांच्या तोंडीही तेच बसलं. भट्टीच्या आवाजावरून आत किती दाब आहे हे सांगणारा माणूस. घरातही त्यांनी चाळीस वर्षं कोळशाची शेगडी स्वतःच्या हाताने पेटवली होती. ती तीन महिन्यांपूर्वी निघाली. धूर बाळाच्या फुफ्फुसाला चालणार नाही म्हणून मुलाने आणि सूनबाईने हीट पंप बसवून घेतला. घरामागे एक मोठा पंखा असलेला लोखंडी डबा, आत पाण्याची टाकी, आणि खोलीखोलीत भिंतीला टेकून उभे रेडिएटर.

"जाळ नाही, धूर नाही, राख नाही," भट्टीवाले पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "हे घर तापवणार कशाने? आशीर्वादाने?"

सूनबाई दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला. तापमानाशी तिचा रोजचा संबंध. तिने पोटावर हात ठेवून, धाप लागत असतानाही, त्यांना समजावलं होतं. "बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून ते आत आणतं, बाबा."

"बाहेर उणे आठ आहे. त्यात कसली आलीय ऊब?"

"थोडी आहे. पण आहे. ते थोडं थोडं वेचून आणतं, म्हणून त्याला घाई करायची नाही. एका आकड्यावर लावायचं आणि दिवसरात्र संथ चालू द्यायचं. घरी कुणी नसलं तरी बंद करायचं नाही. त्यातच वीज कमी लागते."

दिवसरात्र चालू ठेवून वीज कमी लागते, हे भट्टीवाल्यांच्या पचनी पडलं नव्हतं. ते येताजाता बटण फिरवत. थंडी वाजली की तीसवर, उकडलं की बंद. शेवटी हॉस्पिटलात जाण्यापूर्वी सूनबाईने भिंतीवरच्या बटणाखाली चिठ्ठी चिकटवली होती. आकडा तेवीस. बंद-चालू नको. सगळ्या रेडिएटरचे नळ उघडे. खाली ठळक अक्षरात, कृपया. तो 'कृपया' आपल्यासाठीच आहे हे भट्टीवाल्यांना न सांगता कळलं होतं, आणि थोडं लागलंही होतं.

आज घरात ते एकटेच होते. मुलगा घाटातल्या रस्त्यावर बर्फ काढायची गाडी चालवायचा. मोठा बर्फ येणार म्हणून कालपासून त्याला सलग ड्युटी होती. भट्टीवाल्यांनी रेडिएटरला हात लावला. कोमट. मेलेल्या चहासारखा कोमट.

"वाऱ्याने असेल," ते स्वतःशी म्हणाले. रात्रभर वारा घोंघावत होता हे खरंच. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि आकडा तेवीसवरून तीसवर नेला. भट्टी मंदावली की तोंड उघडून कोळसा ओतायचा, हे हाडात भिनलेलं.

साडेआठला डबी म्हणाली, वीस पॉइंट एक.

तेवढ्यात फोन वाजला. सूनबाई.

"बाबा, उठलात? डबीवर किती आहे?"

भट्टीवाल्यांच्या तोंडातून निघून गेलं, "बावीस. बावीस आहे. तू काळजी करू नको."

"बरं झालं." तिने सोडलेला श्वास फोनमधून ऐकू आला. "ऐका ना, आज चिमटीने सगळं दूध स्वतः ओढलं. नळी न लावता. डॉक्टर म्हणाले, आता फक्त घराचा कागद आला की झालं."

"शाब्बास," भट्टीवाले म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मग कानटोपी चढवली, बूट घातले आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

आता कालची गोष्ट सांगायला हवी.

काल दुपारी वारा सुटला आणि बारीक बर्फ आडवा येऊन त्या बाहेरच्या यंत्रावर आपटायला लागला. भट्टीवाले मागच्या खिडकीतून बघत होते. बघता बघता यंत्राचा पंखा थांबला. अंगातून वाफ निघाली. खालून पाणी ठिबकायला लागलं. पाचेक मिनिटांनी पंखा पुन्हा फिरला, पण तासाभराने तेच. त्यांना ते एखादं जनावर थंडीत कुडकुडत उभं असावं तसं वाटलं. यंत्राशी त्यांचं वाकडं होतं खरं, पण यंत्राला असं उघड्यावर मरू देणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय त्याच्यावर चिमटीचं येणं अवलंबून. मग त्यांनी जुन्या कपाटाच्या फळ्या काढल्या, शेडमधला पत्रा काढला, आणि अंधार पडायच्या आत यंत्राभोवती पक्कं खोपटं उभं केलं. तीन बाजूंनी फळ्या, वर पत्रा, पुढे ताडपत्री. श्वास घ्यायला खाली वीतभर फट सोडली. आत येऊन बाकीच्या तिन्ही खोल्यांच्या रेडिएटरचे नळ आवळले. सगळी ऊब बाळाच्या खोलीत जमावी म्हणून. सूनबाईला फोनवर काही सांगितलं नाही. घरी येऊन बघेल आणि म्हणेल, बाबा, हे कुणाच्या डोक्यात आलं? त्या एका वाक्याची त्यांना काल रात्री झोपताना गोडी लागली होती.

त्यांनी ताडपत्री वर केली.

आत यंत्र नव्हतंच. एक पांढरा ठोकळा होता. जाळीवर चार बोटं जाड बर्फ चढला होता आणि त्याच्या आड पंखा कुठेतरी खरडल्यासारखा घरघरत होता. खोपट्यातली हवा तोंडावर आली, ती बाहेरच्या हवेपेक्षाही गार होती. त्या उणे आठातही त्यांना ती वेगळी जाणवली.

चौतीस वर्षं ज्याने धुराडं आणि हवेची झडप सांभाळली, त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. हे यंत्र एका बाजूने हवा घेतं, तिच्यातली ऊब काढतं आणि थंडगार हवा दुसऱ्या बाजूने फेकतं. फेकलेली हवा फळ्यांना आपटून परत त्याच्याच तोंडात जात होती. ज्यातली ऊब आधीच काढून घेतली ती हवा त्याने रात्रभर पुन्हा पुन्हा गाळली होती. धुराड्याची झडप बंद करून वरून कोळसा ओतावा, तसं त्यांनी सकाळी आकडा तीसवर नेऊन ठेवला होता. कारखान्यात नव्या माणसाने असं काही केलं असतं, तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभा आडवा घेतला असता.

"अति शहाणा," ते मोठ्याने म्हणाले. पुढचं म्हणायला जीभ वळली नाही.

त्यांनी एक फळी उचकटली आणि पक्कड आणायला आत आले. बाळाच्या खोलीचं दार उघडंच होतं. एकोणीस पॉइंट सहा. दहाला पाच मिनिटं कमी.

खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढे कुणालाही पुरतं सांगितलं नाही. आलं ते असं. फळ्या काढून शेडमध्ये टाकायच्या. बर्फ वितळवायचा. आणि म्हणायचं, तुमचं यंत्र गोठलं, मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. राहता राहिली ती डबी. सकाळचे आकडे तिच्या पोटात गेले ते गेले, पण निदान इथून पुढचे तरी.

त्यांनी डबी खुंटीवरून काढली आणि मुठीत धरली.

आकडा चढायला लागला. वीस. बावीस. चोवीस. त्यांच्या तळहाताला कामाने पडलेले घट्टे होते, पण हात अजून ऊनच होता. सव्वीस. दहा वाजले, आणि डबीवरचा हिरवा ठिपका एकदा लुकलुकला. सत्तावीस पॉइंट एक. टिपलं गेलं.

तो ठिपका विझला आणि भट्टीवाल्यांना एकाएकी आपल्या हाताची किळस आली.

कारखान्यात तासातासाला दाबाचा आकडा वहीत लिहायचा नियम होता. चौतीस वर्षांत त्यांनी एक तास चुकवला नव्हता. जोडीचा एक माणूस एकदा डुलक्या घेत बसला आणि सकाळी चार तासांचे आकडे मनानेच लिहून मोकळा झाला. काही बिघडलं नाही, कुणाला कळलंही नाही. पण भट्टीवाल्यांना कळलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो माणूस निवृत्त झाला तरी.

डबी त्यांनी खुंटीवर परत टांगली. मग यंत्राच्या कडेला चिकटवलेल्या कागदावरचा नंबर लावला.

मेकॅनिक बाई होती. मागे कुठेतरी ड्रिलचा आवाज चालू होता. "बोला काका, पण पटापट बोला. या थंडीत सगळ्या गावाची यंत्रं आजच आजारी पडलीत."

"बाहेरच्या यंत्रावर बर्फ चढलाय. जाड."

"थोडा चढतोच. ते स्वतःच वितळवतं. पंखा थांबतो, वाफ निघते, पाणी पडतं, परत चालू होतं. घाबरायचं नाही."

म्हणजे काल ते मरत नव्हतं. अंग झटकत होतं. भट्टीवाल्यांनी डोळे मिटले. "तसा नाही. ठोकळा झालाय. त्याच्याभोवती खोपटं आहे. फळ्यांचं."

ड्रिल थांबलं. "कुणी बांधलं?"

"मी."

"वाऱ्यापासून वाचवायला?"

"हो."

"दर हिवाळ्यात दोन-चार निघतात असे," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. "ऐका आता. भिंतीवरून यंत्र बंद करा. खोपटं मुळापासून काढा, अर्धवट नको. समोर चार पावलं मोकळं हवं, मागे भिंतीपासून हातभर. बर्फावर लोखंड मारायचं नाही, आतल्या पात्या कागदासारख्या असतात. उकळतं पाणी नको. कोमट घ्या, हळूहळू ओता. मोकळं झालं की चालू करा. आकडा किती ठेवलाय?"

"तीस."

"तेवीसवर आणा. तीस म्हटल्याने ते लवकर तापवत नाही, नुसतं ऊर फुटेस्तोवर धावतं. रेडिएटर सगळे उघडे आहेत?"

"एकच."

"काका, काका. पाण्याला फिरायला वाट तरी ठेवा. सगळे उघडा. एका खोलीत ऊब कोंडून भागत नाही, शेजारची भिंत गार असली की तीच ऊब ओढते."

"चार वाजेपर्यंत बावीस होईल का, बाई? घरात कॉइलवाला हीटर नाही, आणि असता तरी बाळाच्या खोलीत चालणार नाही म्हणून सांगितलंय."

"तुमच्या मॉडेलला आतली जादा कॉइलही नाही. तासाला अर्धा अंश धरा. चारपर्यंत नाही होणार. पण होईल. मध्येच हात लावला नाहीत तर होईल."

भट्टीवाल्यांनी खोपटं मोडलं. फळी निघताना दोन खिळे तळहातात घुसले. ते त्यांनी पाहिले पण थांबले नाहीत. बादलीमागून बादली कोमट पाणी, तांब्याने वरून हळूहळू. बर्फ आधी राखाडी झाला, मग त्याला चिरा पडल्या, मग पापुद्रे सुटून पायाशी पडायला लागले. ज्या हातांनी फावडं मारायचं तेच हात आता जाळीतले तुकडे बोटाने उचलत होते. साडेअकराला यंत्र मोकळं झालं. आत येऊन त्यांनी चारी रेडिएटर उघडले, आकडा तेवीसवर आणला, बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाहेरून तो परिचित, हलका, त्यांना कधीच न आवडलेला गुणगुणणारा आवाज सुरू झाला.

डबी म्हणाली, एकोणीस पॉइंट तीन.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भट्टी असती तर ती ढवळता आली असती, राख काढता आली असती. इथे कोळसा टाकायला तोंडच नव्हतं. ते पाळण्याशेजारी स्टुलावर बसले आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवले, ते उठून बटणाकडे जाऊ नयेत म्हणून.

बारा वाजता त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"पोरी, सकाळी मी बावीस म्हणालो, ते खोटं होतं. तेव्हा वीस होतं. आत्ता एकोणीस पॉइंट पाच आहे."

पलीकडे वॉर्डातल्या कुठल्यातरी यंत्राची टुकटुक.

"यंत्र बिघडलं नाही. मी काल त्याच्याभोवती फळ्या ठोकल्या. बर्फ लागू नये म्हणून. त्याने ते गुदमरलं. आता काढल्यात, चालू झालंय. चढतंय. पण चारपर्यंत होणार नाही."

"तुम्ही सकाळी बावीस म्हणालात," सूनबाई सावकाश म्हणाली. "मी डॉक्टरांना सांगितलं."

"हो."

"बाबा, मला आत्ता बोलता येणार नाही." आणि फोन बंद झाला.

मुठीचं तेवढं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि मग लक्षात आलं की आधीपासूनच लक्षात होतं.

एकला एकोणीस पॉइंट नऊ. दोनला वीस पॉइंट चार. अडीचला पंखा थांबला. भट्टीवाले ताडकन उठले, मागच्या खिडकीशी गेले. यंत्रातून वाफ निघत होती. त्यांनी चौकट घट्ट धरली आणि मोजायला लागले. दोनशे ऐंशी म्हणता म्हणता पंखा पुन्हा फिरला. तीनला वीस पॉइंट नऊ. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण त्यांना ते आठवलंही नाही.

सिस्टर चारला पाच मिनिटं कमी असतानाच आली. घाटाच्या अलीकडच्याच दवाखान्यातली, चाळिशीची, बुटकीशी बाई. बुटांवरचा बर्फ झटकला, हात धुतले, डबी काढून आपल्या टॅबला जोडली. भट्टीवाले दाराशी उभे राहिले. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर रेष उमटली. दोन दिवस सरळ, शांत. मग काल संध्याकाळनंतर ती खाली घसरली आणि घसरतच गेली. शेवटी तळातून हळूहळू वर येणारी चढण. आणि मध्येच, भाल्यासारखं एक टोक.

"हे काय?" सिस्टरने बोट ठेवलं. "दहाला एकदम सत्तावीस. आधी एकोणीस, नंतर एकोणीस." तिने खिडकीकडे पाहिलं. "सकाळी इथे ऊन येतं का? डबीवर पडलं असेल. होतं असं कधी कधी."

खिडकी पूर्वेलाच होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर समोरून कुणी आयतं ऊन आणून देत होतं. नुसती मान हलवायची.

"ऊन नाही," भट्टीवाले म्हणाले. "ती माझी मूठ आहे."

सिस्टरने मान वर केली.

"डबी मी मुठीत धरली होती. आकडा वर दिसावा म्हणून. एकदाच. आणि खोली खाली गेली तीही माझ्यामुळेच." त्यांनी खोपट्यापासून सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे न बघता रेषेकडे बघत होते. "मुलाचा, सुनेचा यात काही दोष नाही. तुमच्या कागदावर माझं नाव लिहा."

सिस्टर उठली, रेडिएटरवर हात ठेवला, मागच्या दाराने बाहेर गेली, यंत्राभोवती एक फेरी मारली, बाजूला रचलेल्या फळ्या पाहिल्या. आत आली ती थंडीने नाक लाल करून.

"आज मी हो म्हणू शकत नाही, आजोबा."

"नाहीच म्हणायला पाहिजे."

"मला शिकवू नका." आवाज कडक होता. "तुम्ही 'ऊन' म्हणाला असतात तर मी लिहून घेतलं असतं, आणि नंतर यातल्या कशावर विश्वास ठेवायचा हे मला कळलं नसतं. आता निदान खोली का पडली हे मला माहीत आहे. कारण कळलं की दुरुस्ती तपासता येते." तिने स्टुलावर चढून डबी यावेळी आणखी वर लावली, जिथे भट्टीवाल्यांचा हात पोचणार नाही अशा जागी. "बावीस झाल्यापासून उद्या सकाळपर्यंत एकदाही खाली जायला नको. मी दहाला येते. घाट दुपारी बंद करणार आहेत असं ऐकलंय. तेवढ्यात झालं तर झालं."

पाच वाजून वीस मिनिटांनी खोली बावीसला पोचली. भट्टीवाल्यांनी ती वेळ जुन्या पाकिटाच्या मागे लिहून ठेवली.

सहाच्या बसने सूनबाई आली. चिमटीला वॉर्डात सोडून आली होती, यावरूनच तिची अवस्था काय होती ते कळावं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. बॅटरी घेऊन थेट मागे गेली. यंत्रासमोरची जागा पावलांनी मोजली. आत येऊन चारी रेडिएटरचे नळ तपासले, डबी पाहिली, आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली. भट्टीवाल्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला. ठेवताना तळहातावरचे खिळ्यांचे दोन घाव तिला दिसले.

"मला विचारलं का नाहीत, बाबा?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो, म्हणालेच असते."

"म्हणून नाही विचारलं."

ती हसली नाही. पण चहा प्यायली. मग म्हणाली, "सिस्टरचा फोन आला होता मला. मुठीचंही सांगितलं त्यांनी." आणि भट्टीवाल्यांना काही बोलायला जागा न ठेवता उठून कपाटातून आयोडीनची बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि पाळण्याच्या खोलीत निघून गेली.

ती रात्र दोघांनीही कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही. बटणाला कुणी हात लावला नाही, एवढं खरं.

सकाळी दहाला सिस्टरने टॅब जोडला. रेष बावीस पॉइंट तीन आणि बावीस पॉइंट सातच्या मध्ये रात्रभर चालत आली होती. बाहेर उणे अकरा होतं. सिस्टरने ती दोनदा पाहिली, फोन काढला, घाटापलीकडे लावला आणि म्हणाली, "पाठवा. पण लगेच."

घाट अडीचला बंद झाला. त्याआधी तासभर गल्लीच्या तोंडाशी बर्फ काढायची पिवळी गाडी दिसली, आणि तिच्या मागोमाग, तिने मोकळ्या केलेल्या वाटेवरून, अँब्युलन्स. पुढच्या गाडीत चिमटीचा बाप होता. त्याला उतरायलाही वेळ नव्हता. त्याने काच खाली केली, हात वर केला, आणि गाडी वळवून परत घाटाकडे गेला.

त्यानंतर सहा दिवस बर्फ पडला. भट्टीवाले दिवसातून तीनदा मऊ झाडूने यंत्राभोवतीचा बर्फ सारत, समोरची चार पावलं मोकळी करत. पंखा थांबला आणि वाफ निघाली की तिथेच उभे राहून तो परत सुरू होईपर्यंत थांबत. बाळाच्या खोलीत ते गेले नाहीत. कुणी जाऊ नका म्हटलं नव्हतं. या म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं. सूनबाई त्यांच्याशी बोलायची, पण जेवण झालं का, दार लावलं का, एवढंच. दारातून कधी चिमटीचं रडणं यायचं. मांजराच्या पिलाएवढं बारीक. तेवढं ऐकत ते बाहेरच्या खोलीत बसून राहत.

चौथ्या दिवशी दुपारी सूनबाई दारात आली. केस विस्कटलेले, खांद्यावर ओला टॉवेल, आणि छातीशी कापडात गुंडाळलेलं गाठोडं.

"मला अंघोळ करायचीय," ती म्हणाली. "किती दिवस झाले, मलाच आठवत नाही."

भट्टीवाले गडबडून उठले, पुन्हा बसले. गाठोडं त्यांच्या मांडीवर आलं. त्याला वजन असं नव्हतंच. फक्त ऊब होती.

"डोकं सांभाळा," सूनबाई म्हणाली. "आणि हलू नका. असेच बसा."

"बसतो," भट्टीवाले म्हणाले.